नऊ एक गुणिले नऊ एक : १२३४५६७८९८७६५४३२१ ही संख्या आतून कशी आहे

प्रश्न थोडक्यात असा आहे. सातवीतल्या मुलीनं कुठेतरी वाचलं की १११११११११ या संख्येचा वर्ग १२३४५६७८९८७६५४३२१ येतो. वडिलांनी तोच गुणाकार एक्सेलमध्ये केला, तर शेवटी ३२१ च्या जागी ३०० आलं. मग खरं कुणाचं? आणि मुलीचं खरं असेल, तर हा नुसता योगायोग आहे की या संख्येत आणखी काही आहे?

खरं मुलीचं आहे. आणि यात योगायोग कुठेच नाही. मी गेली सव्वीस वर्षं शाळकरी मुलांना गणिताच्या स्पर्धांसाठी शिकवते आहे, आणि दर वर्षी नव्या मुलांसमोर मी पहिल्यांदा हीच संख्या ठेवते. त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

आधी एक्सेलचा निकाल लावू. कागदावर पूर्ण गुणाकार न करताही ३०० चुकीचं आहे हे कळतं. १११११११११ विषम आहे, आणि विषम संख्येचा वर्ग शून्यावर संपूच शकत नाही. दुसरी परीक्षा नवाच्या ताळ्याची. नऊ एकांची बेरीज ९, म्हणजे या संख्येला ९ नं भाग जातो. मग तिच्या वर्गाला ८१ नं भाग गेला पाहिजे, म्हणजे ९ नं तर गेलाच पाहिजे. मुलीच्या उत्तरातल्या अंकांची बेरीज ८१ येते. एक्सेलच्या उत्तरातल्या अंकांची ७८, आणि ७८ ला नवानं भाग जात नाही.

एक्सेल असं का करतं? ते पहिले पंधरा अंक दाखवतं आणि पुढच्या जागांवर शून्यं ठेवतं. आपली संख्या सतरा अंकी आहे, म्हणून शेवटचे २१ पुसले गेले. खरं तर आत त्याहून थोडं जास्त साठवलेलं असतं. संगणक दशांश संख्यांसाठी जी नेहमीची पद्धत वापरतो तिच्यात संख्येच्या अंकांसाठी ५३ बिटांची जागा असते, त्यामुळे ९००७१९९२५४७४०९९२ पर्यंतची प्रत्येक पूर्ण संख्या नेमकी लिहिता येते. त्यापुढे दुप्पट होईपर्यंत फक्त सम संख्या मावतात. आपली संख्या या मर्यादेच्या पुढे आहे आणि विषम आहे, म्हणून ती शेजारच्या सम संख्येवर, १२३४५६७८९८७६५४३२० वर, जाऊन बसते. जावास्क्रिप्ट या संगणकीय भाषेत हाच गुणाकार केलात तर हेच ३२० दिसेल. पायथन या दुसऱ्या भाषेत पूर्ण संख्यांना अशी मर्यादा नाही, तिथे ३२१ मिळेल. म्हणजे एकाच गुणाकाराची तीन यंत्रांवर तीन उत्तरं. ज्यांना रोज एक्सेलवर काम करावं लागतं त्यांनी एवढं लक्षात ठेवावं : पंधरा अंकांपेक्षा लांब कार्ड नंबर किंवा खाते नंबर कधीही संख्या म्हणून टाकू नका, मजकूर म्हणून टाका. नाहीतर शेवटचे अंक गुपचूप शून्य होतात.

मुलीला ही संख्या मोठ्यानं वाचायला सांगा. एक अब्ज तेवीस कोटी पंचेचाळीस लाख सदुसष्ट हजार आठशे अठ्ठ्याण्णव कोटी, शहात्तर लाख, चोपन्न हजार, तीनशे एकवीस. भास्कराचार्यांनी लीलावतीत एकं-दहं पासून परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावं दिली आहेत. त्या यादीत आपल्या संख्येचा पहिला १ सतराव्या स्थानावर पडतो, आणि त्या स्थानाचं नाव आहे ‘मध्य’.

आता चढण आणि उतरण का येते ते पाहू. चौकटींची वही घ्या. आधी लहान उदाहरण : ११११ गुणिले ११११. प्रत्येक ओळीत ११११ च येणार, फक्त दर ओळीला एक घर डावीकडे सरकून. चार ओळी लिहून झाल्या की उभे रकाने मोजा. उजवीकडच्या पहिल्या रकान्यात एकच १ आहे, पुढच्यात दोन, मग तीन, मधल्या रकान्यात चार, आणि पलीकडे पुन्हा तीन, दोन, एक. बेरीज १२३४३२१. नऊ एकांसाठी नऊ ओळी आणि सतरा रकाने होतात, आणि मधला रकाना बरोबर नऊ घरं उंच असतो. कोणत्याही रकान्याची बेरीज नवाच्या वर जात नाही, म्हणून कुठेही हातचा येत नाही. जे रकान्यात मोजलं तेच खाली उतरतं. संख्या दोन्हीकडून सारखी वाचली जाते, ‘चिमा काय कामाची’ सारखी, कारण तो तिरका रचलेला चौकोनच दोन्ही बाजूंनी सारखा आहे.

अंकांची बेरीज ८१ का, हेही याच कागदावर दिसतं. नऊ ओळींत नऊ-नऊ एक, म्हणजे एकूण एक्याऐंशी एक. हातचा नाही, म्हणून एकही १ वाया गेला नाही. अंकांची बेरीज म्हणजे त्या कागदावरच्या एकांची मोजणी आहे, बाकी काही नाही.

मुलं इथे हमखास पुढचा प्रश्न विचारतात : दहा एक घेतले तर? काही वर्षांपूर्वी एका मुलानं फळ्यावर धावत येऊन लिहिलं, १२३४५६७८९१०९८७६५४३२१. “बाई, मध्ये दहा!” त्याला नमुना दिसला होता आणि त्यानं तो पुढे ओढला होता. पण हे वीस अंक झाले. ११ नं सुरू होणाऱ्या दहा अंकी संख्येचा वर्ग १२ च्या आसपास सुरू होतो आणि एकोणीस अंकीच असतो. खरं उत्तर असं : मधल्या रकान्यात दहा एक, म्हणून खाली ० आणि हातचा १. शेजारच्या नवात तो मिळवला की पुन्हा दहा, पुन्हा खाली ० आणि हातचा १. त्यापुढच्या आठाचे नऊ होतात आणि गाडी थांबते. १२३४५६७९००९८७६५४३२१. डाव्या चढणीतला आठ नाहीसा झाला आणि मध्ये दोन शून्यं आली.

इथेही कागदावरचे एक मोजा. दहा ओळींत शंभर एक होते. उत्तरातल्या अंकांची बेरीज मात्र ८२. अठरा कुठे गेले? प्रत्येक हातच्यात दहा एक देऊन एक परत मिळतो, म्हणजे नऊ कमी होतात. हातचे दोन, म्हणून दोन नव्वे अठरा.

त्या मुलाची संख्या मी घरी जाऊन तपासली, कारण चुकीची उत्तरं नेमकी कशी चुकली हे पाहण्याची मला सवय आहे. १२३४५६७८९१०९८७६५४३२१ ही मूळ संख्या निघाली. एक आणि ती स्वतः सोडून तिला कुणीही भागत नाही, त्यामुळे ती कशाचाही वर्ग असणं शक्यच नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्याला सांगितलं, तर त्यानं ती संख्या वहीच्या पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवली.

हा गायब झालेला आठ आणखी एका ठिकाणी भेटतो. १ ला ८१ नं भागा : ०.०१२३४५६७९०१२३४५६७९… नऊ-नऊ अंक फिरत राहतात, आणि त्यांत आठ नाही. कारण तेच. १/८१ म्हणजे १/९ चा वर्ग, आणि १/९ म्हणजे ०.१११…, न संपणारे एक. त्यांचा वर्ग करताना रकाने १, २, ३ असे चढतच राहतात आणि कधी उतरत नाहीत. दहावा रकाना आला की हातचा मागे येऊन नवाला दहा करतो आणि आठाला नऊ. पुढचे हातचेही याच पद्धतीनं गुंततात आणि ०१२३४५६७९ चं चक्र पुन्हा सुरू होतं.

१२३४५६७९ ला ९ नं गुणलं की १११११११११ येतात, हे आपल्याकडे फार जुनं आहे. नवव्या शतकात, राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात, महावीराचार्यांनी गणितसारसंग्रहात असे गुणाकार मुद्दाम निवडून दिले आणि त्यांच्या उत्तरांना गळ्यातल्या हाराची उपमा दिली. हार जसा दोन्ही टोकांकडून सारखा, तशी ही उत्तरं. त्यांत १२३४५६७९ गुणिले ९ आहे, आणि २७९९४६८१ गुणिले ४४१ सुद्धा आहे. त्याचं उत्तर १२३४५६५४३२१, म्हणजे सहा एकांचा वर्ग, आपल्या संख्येची धाकटी बहीण. अंक १ पासून चढत जातात आणि ६ पाशी पोचून क्रमानं उतरतात, असं त्याचं वर्णन त्यांनी केलं आहे. बाराशे वर्षांपूर्वीच्या कुणाला हाच आकार पाहून आनंद झाला होता, हे मी वर्गात सांगते तेव्हा मुलं क्षणभर शांत होतात.

इथपर्यंत जे पाहिलं ते बरंचसं संख्येच्या लिखाणाचं होतं. आपण दहाच्या पायात, म्हणजे ० ते ९ या दहा अंकांनी, लिहितो, म्हणून नऊ एकांपर्यंत हातचा येत नाही. आठाच्या पायात लिहिलं असतं तर आठ एकांनाच चढण मोडली असती. दोनाच्या पायात हीच संख्या ५४ शून्य-एकांची रांग होते आणि तिच्यात १२३ ची चढण दिसण्याचा प्रश्नच येत नाही. पण काही गुण असे असतात की कोणत्याही पायात लिहा, बदलत नाहीत. ते पाहायचे तर संख्या फोडावी लागते.

१११११११११ कडे तीन-तीनच्या गटांत पाहा : १११ १११ १११. म्हणजे १११ गुणिले १००१००१. अंकांच्या बेरजेवरून दोघांनाही ३ नं भाग जातो हे लगेच दिसतं. १११ म्हणजे ३ गुणिले ३७, आणि १००१००१ म्हणजे ३ गुणिले ३३३६६७. तेव्हा आपली संख्या, जी या सगळ्याचा वर्ग आहे, ती अशी फुटते : ३ चा चौथा घात, गुणिले ३७ चा वर्ग, गुणिले ३३३६६७ चा वर्ग.

३३३६६७ आणखी फुटत नाही हे कसं ठरवायचं? सरळ रस्ता म्हणजे तिच्या वर्गमूळापर्यंतच्या, म्हणजे ५७७ पर्यंतच्या, सगळ्या मूळ संख्यांनी भागून पाहणं. त्या शंभराच्या वर आहेत. पण एक जवळची वाट आहे आणि ती मला फार आवडते. १००१००१ ला ९९९ नं गुणलं की ९९९९९९९९९ येतात. म्हणून ३ सोडून जी कोणती मूळ संख्या १००१००१ ला भागेल, तिनं १ ला भागलं तर दशांशातले अंक बरोबर नऊ-नऊच्या गटानं फिरतील. आता फर्माचा छोटा सिद्धांत सांगतो की हा फेरा त्या मूळ संख्येतून एक वजा केल्यावर येणाऱ्या संख्येचा विभाजक असतो. म्हणजे ती मूळ संख्या ९ च्या पटीत एक मिळवून येते, आणि विषम असल्यामुळे १८ च्या पटीत एक मिळवून. ५७७ पर्यंत अशा मूळ संख्या फक्त सतरा आहेत : १९, ३७, ७३, १०९, १२७, १६३, १८१, १९९, २७१, ३०७, ३७९, ३९७, ४३३, ४८७, ५२३, ५४१, ५७७. शंभरावर भागाकारांचे सतरा झाले. १९ नं भागा, बाकी ८. ५७७ नं भागा, बाकी १६१. मधले पंधरा मुलीला करू द्या. एकही पूर्ण जाणार नाही, आणि पाव-अर्ध्या तासात तिनं एक सहा अंकी मूळ संख्या स्वतःच्या हातानं सिद्ध केलेली असेल.

आता तीन मूळ अवयव शेजारी ठेवा आणि १ ला त्यांनी भागा. १/३ म्हणजे ०.३३३…, एकेक अंक फिरतो. १/३७ म्हणजे ०.०२७०२७…, तीन-तीन अंक फिरतात. १/३३३६६७ म्हणजे ०.०००००२९९७०००००२९९७…, नऊ-नऊ. फेरे १, ३ आणि ९, म्हणजे नवाचे नेमके सगळे विभाजक. आणि याहून पुढची गोष्ट अशी की एक अंकी फेरा असलेली मूळ संख्या जगात एकच आहे, ३. तीन अंकी फेरा असलेली एकच, ३७. नऊ अंकी फेरा असलेली एकच, ३३३६६७. पडताळा घेणं सोपं आहे. नऊ अंकी फेरा असलेल्या मूळ संख्येला ९९९९९९९९९ भागावेच लागतात, आणि त्यांचे मूळ अवयव ३, ३७ आणि ३३३६६७ एवढेच आहेत. पैकी पहिल्या दोघांचे फेरे लहान आहेत. आपल्या फेऱ्याला सोबती नसलेल्या अशा मूळ संख्या फार विरळ असतात. या संख्येत दुसरं कोणी नाहीच, तिघीही तशाच. मी इतकी वर्षं हे शिकवते, तरी फळ्यावर १, ३, ९ लिहिताना दर वेळी मला थांबावंसं वाटतं.

विभाजकांची संख्या आता चुटकीसरशी काढता येते. ३ चे घात शून्यापासून चारपर्यंत पाच प्रकारे घेता येतात, बाकी दोघींचे तीन-तीन प्रकारे. पाच त्रिक पंधरा, पंधरा त्रिक पंचेचाळीस विभाजक.

अवयव कळले की आणखी एक दार उघडतं, आणि सातवीतल्या मुलीला ते नक्की आवडेल, कारण पायथागोरसचा सिद्धांत शाळेत याच सुमारास येतो. प्रश्न असा : ज्याचा कर्ण १११११११११ आहे आणि तिन्ही बाजू पूर्ण संख्या आहेत असा काटकोन त्रिकोण आहे का? त्यासाठी कर्णाच्या मूळ अवयवांपैकी निदान एकाला ४ नं भागल्यावर बाकी १ यावी लागते. ३ ची बाकी ३. ३३३६६७ ची बाकीही ३. ३७ ची बाकी १. म्हणजे त्रिकोण आहे, आणि तो ३७ मधून येतो. १२, ३५, ३७ हा ओळखीचा त्रिकोण घ्या. त्याला ३ नं गुणा : ३६, १०५, १११. आता १००१००१ नं गुणा, म्हणजे प्रत्येक गट तीनदा लिहा :

३६०३६०३६, १०५१०५१०५, १११११११११.

पहिल्या दोघांच्या वर्गांची बेरीज बरोबर १२३४५६७८९८७६५४३२१. आणि असा त्रिकोण हा एकच आहे, दुसरा मिळणार नाही, कारण ४ नं भागून १ बाकी देणारा मूळ अवयव कर्णात एकच आहे आणि तोही एकदाच.

आता कापरेकर. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर १९०५ साली डहाणूला जन्मले, पुण्यात फर्ग्युसनमध्ये शिकले, आणि १९३० पासून १९६२ मध्ये निवृत्त होईपर्यंत देवळालीला शाळेत शिक्षक होते. चार अंकी संख्येचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमानं मांडून वजाबाकी करत गेलं की शेवटी जी ६१७४ येते, तिच्यामुळे त्यांचं नाव जगभर झालं आणि मार्टिन गार्डनर यांनी १९७५ साली सायंटिफिक अमेरिकनमधल्या आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिलं. पण आपल्या संख्येशी त्यांचं नातं ६१७४ हून जुनं आणि जवळचं आहे. मुंबईपासून तीस मैलांवर जी.आय.पी. रेल्वेच्या डेम्लो स्टेशनात, म्हणजे आजच्या डोंबिवलीला, त्यांना एका प्रकारच्या संख्यांची कल्पना सुचली, आणि त्यांनी त्यांना डेम्लो संख्या हेच नाव दिलं. कल्पना अशी : संख्येची डावी टोकाची बाजू आणि उजवी टोकाची बाजू यांची बेरीज केली की जो अंक परत परत येतो, तोच मध्ये भरलेला असतो. १६५ घ्या : १ आणि ५ मिळून ६, मध्ये ६. २५५३ घ्या : २ आणि ३ मिळून ५, मध्ये ५५. आता आपली संख्या घ्या. डावीकडे १२३४५६७८, उजवीकडे ८७६५४३२१, बेरीज ९९९९९९९९, आणि मध्ये ९. १२१, १२३२१, १२३४३२१ या तिच्या लहान बहिणीही तशाच बसतात. या खास घराण्याला इंग्रजी पुस्तकांत ‘वंडरफुल डेम्लो’ म्हणतात.

दुसरं नातं हर्षद संख्यांचं. ज्या संख्येला तिच्या स्वतःच्या अंकांच्या बेरजेनं पूर्ण भाग जातो तिला कापरेकरांनी हर्षद म्हटलं, हर्ष देणारी. आपल्या संख्येच्या अंकांची बेरीज ८१. ८१ नं भागलं की १५२४१५७८९९७१०४१ येतात, आणि ही संख्या म्हणजे १२३४५६७९ चा वर्ग. उलट ८१ नं गुणलं तर? ९९९९९९९९९ चा वर्ग. अंकांच्या बेरजेनं भागा किंवा गुणा, दोन्हीकडे पूर्ण वर्गच हाती येतो.

तिसरं नातं मला सगळ्यात खोल वाटतं. कापरेकर संख्या म्हणजे जिचा वर्ग दोन तुकड्यांत तोडून बेरीज केली की ती संख्याच परत येते : ४५ चा वर्ग २०२५, आणि २० अधिक २५ म्हणजे ४५. नऊ एकांवर हे करून पाहू. वर्गाचे उजवीकडचे नऊ अंक तोडा : १२३४५६७८ आणि ९८७६५४३२१. बेरीज ९९९९९९९९९. मूळची संख्या आली नाही, तिची बरोबर नऊपट आली. आता दहा एक, जिथे आपला सुंदर नमुना मोडला होता. त्या वर्गाचे उजवीकडचे दहा अंक तोडा : १२३४५६७९० आणि ०९८७६५४३२१. बेरीज करा.

११११११११११. दहाच्या दहा एक, जसेच्या तसे. चढण-उतरण जिथे तुटली तिथेच कापरेकरांचा गुण हजर झाला.

कारण अवघड नाही. शंभर म्हणजे नव्याण्णव अधिक एक, तसंच एकावर दहा शून्यं म्हणजे दहा नव अधिक एक. म्हणून तुकडे करून बेरीज करणं म्हणजे दहा नवांनी भागून बाकी पाहणं. आता दहा एक म्हणजे ९ गुणिले १२३४५६७९०, अधिक १. त्याला पुन्हा दहा एकांनी गुणा. पहिला भाग होतो दहा नव गुणिले १२३४५६७९०, आणि उरतात दहा एक. डावा तुकडा १२३४५६७९० हाच आहे हे पाहा, तो आपोआप बाहेर पडला. नऊ एकांच्या वेळी नवानं पूर्ण भाग जातो, म्हणून वर्ग ९९९९९९९९९ गुणिले १२३४५६७९ एवढाच होतो आणि बाकीच्या जागी पूर्ण नऊ नव दिसतात. म्हणजे बेरीज कितीपट येणार हे एकच गोष्ट ठरवते : एक किती आहेत आणि त्या संख्येला नवानं भागल्यावर बाकी काय राहते. दोन एकांना १ अधिक २१ म्हणजे २२, दुप्पट. तीन एकांना १२ अधिक ३२१ म्हणजे ३३३, तिप्पट. चार एकांना १२३ अधिक ४३२१, म्हणजे ४४४४. नवाला नऊपट, दहाला पुन्हा एकपट. वरच्या अंकांची नक्षी नवापाशी मोडते, पण हा फेरा मोडत नाही.

मुलीला पुढची पायरी वहीत करू द्या. अकरा एकांचा वर्ग १२३४५६७९०१२०९८७६५४३२१. उजवीकडचे अकरा अंक तोडून बेरीज केली की अकरा दोन मिळतात : २२२२२२२२२२२. बारा एकांना तीन, तेराला चार, अठराला नव. एकोणिसाव्या पायरीला फेरा परत एकावर येतो, म्हणून एकोणीस एकांची संख्या पुन्हा कापरेकर संख्या आहे. आणि ती मूळ संख्याही आहे. नुसत्या एकांनी लिहिलेल्या संख्यांमध्ये ११ नंतरची पहिली मूळ संख्या तीच. तिच्यानंतर तेवीस एकांची, आणि मग थेट तीनशे सतरा एकांची.